दहा फुटांच्या हॉलात पन्नासची लेन्स

कॅमेऱ्याची लेन्स झूम होत नाही, हे आपल्या माणसांना पटवून देणं देव नाही हे पटवून देण्यापेक्षा अवघड आहे. देवाच्या बाबतीत निदान काहींच्या मनात आधीपासून शंका तरी असते.

"जावईबापू, जरा जवळून घ्या," सासरे सोफ्यावरून म्हणाले.

"बाबा, हिला झूम नाही."

"बिघडली?"

"नाही. अशीच मिळते."

"अशीच म्हणजे? झूम काढून?"

"मुळातच नसतो. प्राइम लेन्स म्हणतात हिला."

सासरे थोडा वेळ गप्प राहिले. मग लग्नापासून आजवर मी केलेल्या सगळ्या खरेद्यांचा एकदम उलगडा झाल्यासारखा चेहरा करून हळूच म्हणाले, "बिल ठेवलंय ना? बदलून आणा."

कॅमेऱ्याच्या खोक्यातच जी अठरा-पंचावन्नची झूम लेन्स येते, तिच्यावर मी अगदी सुखात होतो. मग रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या एका घोळक्यात शिरलो आणि ते सुख संपलं. "किट लेन्स?" एकाने माझ्या गळ्याकडे बघून विचारलं. "अजून भाड्यानेच राहता?" हे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात. दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवला. "पन्नास घ्या. एफ एक पॉइंट आठ. आयुष्य बदलेल." माझ्या आयुष्यात बदलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते आठ-दहा हजारांत बदलून मिळतं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

हिशोब त्यांनी तिथेच, कटिंग चहाच्या टपरीवर समजावला. पन्नास मिलिमीटरला १.८ने भागलं की उत्तर अठ्ठावीसच्या आसपास येतं. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जराशा मोठ्या भोकातून उजेड आत शिरतो. किट लेन्स पूर्ण ताणली की तिचा आकडा होतो ५.६ आणि भोक उरतं जेमतेम एका सेंटिमीटरचं. उजेडातला फरक नऊ-दहा पटींचा. ज्याच्या हॉलात एकच ट्यूबलाइट आहे आणि तीही आधी विचार करून मग लागते, तो माणूस 'दहापट उजेड' ऐकल्यावर पाकीट काढतोच.

शिवाय या लेन्सला घराणं आहे. झाइस कंपनीच्या पाउल रूडोल्फ यांनी १८९६ साली 'प्लानार' नावाची भिंगांची जी रचना केली, तिचेच हे पणतू-खापरपणतू. कॅननने १९९०मध्ये काढलेल्या पन्नासचा कॅमेऱ्यात अडकवायचा भागसुद्धा प्लास्टिकचा होता आणि वजन होतं १३० ग्रॅम. ती लेन्स पुढची पंचवीस वर्षं, २०१५मध्ये नवी येईपर्यंत, तशीच विकली गेली. निकॉनवाल्यांची पन्नास वेगळी, तिचे भक्त वेगळे. मी कोणती घेतली ते इथे सांगत नाही. घरात शांतता आहे, ती टिकवायची आहे. एवढं मात्र खरं की पन्नास घेणारा कोणीही 'स्वस्तातली घेतली' असं म्हणत नाही. तो घराणं सांगतो.

सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात गेलो. लेन्स काचेवर ठेवून दुकानदाराने विचारलं, "फिल्टर देऊ?"

"कशाला?"

"धूळ बसते, साहेब."

"द्या."

"हूड?"

"तो कशाला?"

"फिल्टरवर ऊन येतं ना."

लेन्स स्वस्त होती, तिची काळजी घेणारी मंडळी नव्हती. घरी आल्यावर बायकोने सगळी पुडकी उघडली आणि आतली वस्तू चिमटीत धरून उजेडाकडे नेली.

"एवढ्याशा डबीला एवढे पैसे? प्लास्टिकचीच आहे की सगळी."

"घराणं मोठं आहे तिचं," मी म्हणालो.

"तुमचंही होतं म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

आमच्या रविवारच्या घोळक्यात दर दहा मिनिटांनी आँरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव निघतं. या फ्रेंच माणसाने आयुष्यातलं बहुतेक काम छोट्या लायका कॅमेऱ्यावर आणि पन्नासच्या लेन्सवर केलं. ३० जानेवारी १९४८ला तो दिल्लीत गांधीजींना भेटून, आपल्या फोटोंचं पुस्तक दाखवून बाहेर पडला. संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. रात्री बिर्ला हाऊसच्या फाटकावरून नेहरू लोकांना ते सांगतायत, तो अंधारातला, हललेला फोटो त्याचाच. हे ऐकल्यावर झूम मागायला तोंड राहत नाही. त्याची नजर आणि त्याचा काळ आम्हाला मिळण्यासारखा नव्हता, म्हणून जे मिळण्यासारखं होतं ते आम्ही घेतलं. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून तो लायकाच्या चकचकीत अंगावर काळी टेप लावायचा. आम्ही सगळ्यांनी इलेक्ट्रिशियनकडून काळी टेप आणली.

डोंबिवलीच्या मे महिन्यात त्या टेपचा गोंद वितळतो, ही गोष्ट ब्रेसाँला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आठ-सत्तावीसच्या लोकलमध्ये माझं बोट कॅमेऱ्याला, कॅमेरा शर्टाला आणि शर्ट शेजारच्यांच्या बॅगेला चिकटला. कोणाचंही लक्ष जाऊ नये म्हणून लावलेल्या टेपमुळे सगळ्या डब्याचं लक्ष गेलं. "फुटलाय का हो?" एक गृहस्थ फार कळवळून म्हणाले. "उल्हासनगरला एक जण आहे. नव्यासारखा करून देतो."

आता मुख्य अडचण. ब्रेसाँच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर बावीस-तेवीस. त्यामुळे त्याच्याकडे शहाण्यासारखी वागणारी पन्नासची लेन्स माझ्याकडे येऊन पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते, म्हणजे कमी दिसतं आणि जवळचं दिसतं. दहा फुटांवर उभं राहिलं तर समोरची फक्त साडेचार फूट रुंदी फोटोत येते. आमचा हॉल दहा फुटांचा आहे. बिल्डरच्या कागदावर तो बारा फुटांचा आहे, पण फोटो कागदावर उभं राहून काढता येत नाहीत. या हॉलात भिंतीला पाठ लावून मी अडीच माणसांचा फोटो काढू शकतो. अर्धं माणूस कोणाचं घ्यायचं, यावरून आमच्याकडे दोन चुलत घराणी अजून बोलत नाहीत.

घोळक्यातले लोक यावर हसून म्हणतात, "पायांनी झूम करायचं!" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्याकडे नक्की अंगण असणार.

मेहुणीच्या बाळाचं बारसं आमच्याकडे झालं. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि मी शोकेसला टेकून उभा राहिलो. पाळणा घेतला तर बाळाची आत्या कटते. आत्या घेतली तर पाळण्याची दोरी आणि कोणाचा तरी कोपर येतो. "मागे सरका ना जरा," मेहुणी म्हणाली. मी सरकलो. शोकेसमधला ताजमहाल खाली आला. "अजून मागे." मी चपलांच्या स्टँडपर्यंत पोचलो. "अहो, आत्या येतेय का पूर्ण?" आत्या येत होती, पण आत्याची वहिनी येत नव्हती आणि तिच्या ते लक्षात आलं होतं. मी दाराबाहेर गेलो. जिन्याचा चौक ओलांडला आणि समोरच्या दाराला पाठ लागली. दार उघडलं.

"अय्या, तुम्ही! या ना आत," समोरच्या काकू म्हणाल्या.

"नाही काकू, बारशाचे फोटो काढतोय."

"मग आत येऊन काढा की. चहा टाकते."

त्यांच्या सोफ्यावर बसल्यावर मात्र कमाल झाली. लेन्समध्ये सगळं बारसं बसायला लागलं. फक्त आता ते दारात बसेना. आमच्या दाराची चौकट, तिच्यावरचं तोरण, उंबऱ्यापलीकडचा चपलांचा ढीग, आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत पाळणा. मी काकूंचा चहा डाव्या हातात घेऊन थांबलो. आतून 'कुर्र' ऐकू आलं, आत्याच्या पाठीवर धपाधप बुक्के बसले, मी बटण दाबलं आणि नेमका त्याच क्षणी जिन्यावरून आलेला कुरियरवाला चौकात उभा राहून म्हणाला, "ओटीपी सांगा."

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस प्रामाणिक असतो. त्याला जे जवळचं, ते महत्त्वाचं. त्या बारशाचा सगळ्यात सुंदर फोटो कुरियरवाल्याचा आहे. त्याच्या शर्टाच्या बटणातला दोरा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मागे, रंगांच्या गोड धुक्यात, कुठेतरी एका बाळाचं नाव ठेवलं जातंय.

"चहा पिऊन आलात?" बायकोने एवढंच विचारलं.

घराबाहेर जागा भरपूर, म्हणून मी रोजच्या जगण्याचे फोटो काढायला बाजारात जाऊ लागलो. तिथे उलटं झालं. झूमवाला माणूस रस्त्याच्या पलीकडून भाजीवालीचा चेहरा टिपून निघून जातो. पन्नासवाल्याला तिच्या टोपलीशी जावं लागतं. आणि टोपलीशी गेलेल्या माणसाला डोंबिवली स्टेशनबाहेरची कोणतीही भाजीवाली मोकळ्या हाताने परत पाठवत नाही.

"काय देऊ?"

"काही नको, मावशी. एक फोटो काढू?"

"काढ. कोथिंबीर घे आधी."

भाव चोख होता. एका फोटोला एक जुडी. उजेड चांगला असेल तर मेथीपण. पहिल्या आठवड्यात बायको खूश होती. दुसऱ्या आठवड्यात कोथिंबीरवड्या झाल्या, तिसऱ्यात चटणी, पुढे ती शेजारी वाटायला लागली. आता समोरच्या काकू माझ्या हातात कॅमेरा दिसला की दार उघडत नाहीत.

मिसळीचा फोटो हा आणखी एक प्रकार. या लेन्सला साधारण हातभर अंतराच्या आतलं दिसत नाही. साठी झालेल्या माणसासारखी तीही वस्तू लांब धरायला सांगते. आणि हातभर अंतरावर वाटी आली की पाव बाहेर जातात. पाव, कांदा, लिंबू असं सगळं कुटुंब एकत्र हवं असेल तर खुर्चीवरून उठावं लागतं. मी उठलो, दोन पावलं मागे गेलो, डोळा लावला. फोटोत एक अनोळखी हात आला आणि त्याने पाव उचलला. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात उठलेल्या माणसाची जागा ही रिकामी जागा असते, आणि गिऱ्हाईकाने ती कायद्याने घेतली होती. फोटो चांगला आलाय. पाव मोडतानाचा क्षण अगदी अचूक सापडलाय.

तरी या सगळ्यापेक्षा जास्त भांडणं फोकसने लावली. एफ १.८वर मीटरभर अंतरावरून फोटो काढला, तर जेमतेम एक इंच खोलीचा भाग स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं पुसट, मागचं पुसट. आता आमच्या घराण्यात नाकच इंचभर आहे. त्यामुळे नाकाचा शेंडा धरला तर डोळे जातात आणि डोळे धरले तर नाक. मान तिरकी करून फोटो काढून घेण्याची सवय असलेल्या आमच्या आत्यांचा तर एकच डोळा येतो. "दुसऱ्या डोळ्याला काय झालं?" आत्याने विचारलं. मी लेन्सचं शास्त्र समजावलं. ती सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू तपासून आली.

आणि मेहुणा. त्याच्या घरी गणपती असतो आणि मखर तो स्वतः करतो. त्या वर्षी त्याने पुठ्ठ्यातून वेरूळचं कैलास लेणं उभं केलं होतं. श्रावणभर रात्री जागला, जोत्यावरचे हत्तीसुद्धा कापले. प्रतिष्ठापनेला मी कॅमेरा लावला, गणपतीच्या डोळ्यावर फोकस धरला आणि जो फोटो आला तो बघून माझ्याच अंगावर रोमांच आले. मूर्तीच्या डोळ्यातलं तेज, सोंडेवरचा उजेड, आणि मागे सगळं मऊ, सोनेरी, विरघळलेलं.

"वेरूळ कुठेय?" मेहुणा म्हणाला.

"मागे आहे की."

"हा पिवळा धूर?"

"त्यालाच तर महत्त्व असतं. यासाठी लोक ही लेन्स घेतात."

"पैसे देऊन पुसट?"

आता खरं सांगायचं तर भोक लहान करायची सोय याही लेन्सला असते. आकडा आठ-अकरावर न्यावा, कॅमेरा स्टँडवर ठेवावा, हत्तीसुद्धा दिसतील. पण एफ १.८ची लेन्स घेऊन ती एफ ८वर वापरायची, म्हणजे गावात सगळ्यांना सांगून घेतलेली हापूसची पेटी स्वतःच्या घरात झाकून ठेवायची. आमच्या घोळक्यात असं कोणी करत नाही. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर, नव्या कपड्यातली सगळी तरुण डोंबिवली लोटलेली असताना, लख्ख उन्हात आम्ही भोक सताड उघडं ठेवून उभे असतो. शटर एक चार-हजारांश सेकंदावर जाऊन हात टेकतं आणि तरी चेहरे असे पांढरेफटक येतात की अभ्यंगस्नानानंतर उटणं पुसायचं राहिलं असावं. "हाय-की लुक," आम्ही एकमेकांना सांगतो.

शेवटी त्याच गणपतीत घरच्यांनी माझ्याशी वाद घालणं सोडलं आणि भाच्याला फोन काढायला सांगितलं. तो आहे तिथेच उभा राहिला, पॉइंट फाइव्हवर बोट ठेवलं आणि सोळा माणसं, मखर, पंखा, ट्यूबलाइट आणि स्वतःच्या पायाचा अंगठा एका फोटोत घेऊन मोकळा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा गळ्यात घालून मीही वाजवल्या.

मग फोटो मोठा करून बघितला गेला. एवढ्या रुंद लेन्सने कडेची माणसं ताणली जातात. कडेला मावशी होती. तिचा उजवा खांदा दरवाज्यापर्यंत गेला होता. "ही मी?" ती म्हणाली. भाच्याने तिला शांत करण्यासाठी एकटीचा फोटो काढला, पोर्ट्रेट मोडवर. तो मोड लेन्सने नाही, हिशोबाने मागचं पुसतो, आणि हिशोबात मावशीचा गजरा पार्श्वभूमीत गेला. अर्ध्या अंबाड्यासकट.

"ए, तू काढ रे," मावशी माझ्याकडे वळली. "तुझ्या त्या बिघडलेल्याने."

दुपारचे चार वाजले होते. मेहुण्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्तरेचा उजेड येत होता. मी तिला स्टुलावर बसवलं, ओट्याला टेकलो आणि त्या दहा बाय आठच्या खोलीत पहिल्यांदाच मला मागे सरकावं लागलं नाही. ऐंशीच्या आसपासची लेन्स चेहऱ्यासाठी जुन्या काळापासून वापरतात. ती नाक फुगवत नाही, कान पळवत नाही. मी आकडासुद्धा २.८वर नेला, म्हणजे बघा.

मावशीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला. बराच वेळ बघितला. गजरा पूर्ण होता, दोन्ही डोळे होते.

"मागचं काहीच दिसत नाही," ती म्हणाली. मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "बरंय ते. भिंतीवर लावला की हार उठून दिसेल."

"मावशी, काहीतरीच काय!"

"वर जागा सोडलीयस ना? तुझ्या काकांच्या फोटोत हाराखाली कपाळच झाकतं. दसऱ्याला झेंडूचा घातला की नुसत्या मिशा दिसतात. मोठा काढून आण याचा. आणि वर्तमानपत्रात द्यायला एक लहान."

मावशी आमच्याच सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याची खजिनदार आहे. बातमी दोन दिवसांत सगळ्या विंगांमध्ये गेली. झूम नसण्याची तक्रार करणारं आता कोणी भेटत नाही. रविवारी सकाळी मी घोळक्यात जायला निघतो, तर खाली बाकावर इस्त्रीचे कपडे घालून तीन-चार जण बसलेले असतात. एकांनी केस काळे केलेले, दुसऱ्यांनी 'यातल्यासारखा चेहरा येऊ द्या' म्हणून बँकेतल्या निरोप समारंभाचा फोटो सोबत आणलेला. बी विंगमधलं जोडपं आलं तेव्हा मी सहज म्हणालो, "दोघांचा एकत्र काढूया ना, छान दिसेल."

काकू पदर नीट करत म्हणाल्या, "एकत्रचा काय उपयोग?"

काल तिसऱ्या मजल्यावरचे नाना आले. टोपी घालून एक काढला, टोपी काढून एक. दोन्ही बघून टोपीचा पसंत केला. प्रकृती उत्तम, रोज पाच किलोमीटर चालतात. जिना चढता चढता वळून म्हणाले, "तशी घाई काही नाही हो. पण सोमवारपर्यंत मिळेल ना?"